टॅटू आणि गोव्याचं ऊन: नवा असताना काय करायचं, भरल्यावर काय?

मांडवीकाठ
एप्रिलच्या शेवटी उजव्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत टॅटू काढायचा आहे. चित्र अबोलीच्या वळेसराचं, म्हणजे गजऱ्याचं: काळी आउटलाइन, केशरी फुलं, मध्ये हिरवी पानं. काम पर्वरी ते वेर्णा रोज स्कूटरने जाण्या-येण्याचं, त्यामुळे ऊन टळणार नाही. माझी समजूत अशी की एसपीएफ ५० चं सनस्क्रीन पहिल्या दिवसापासून लावलं की झालं. घरात मत असं की खोबरेल पुरे. यातलं बरोबर काय? आणि टॅटू पूर्ण भरल्यावरही रोज काही लावावं लागतं का? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

सुईशाई
पहिल्या दिवसापासून सनस्क्रीन अजिबात नको. आधी तेच स्पष्ट करतो.

ताजा टॅटू ही जखम असते. सुईने साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल, हजारो वेळा टोचलेलं असतं. त्यावर सनस्क्रीन लावलं की आग होते, त्यातला सुगंध आणि अल्कोहोल जखमेला झोंबतं. झिंकचं घट्ट क्रीम असेल तर ते काढताना चोळावं लागतं आणि त्या चोळण्यात खपली निघते. खपलीसोबत शाई निघते. म्हणजे वाचवायला गेलो तेच घालवलं.

पहिले तीन-चार आठवडे दोनच गोष्टी: सावली आणि कापड. बारीक रेघांचा टॅटू दोन-तीन आठवड्यांत वरून भरतो. तुमच्यासारखा रंग भरलेला मोठा टॅटू असेल तर चार ते सहा आठवडे धरून चाला. भरला की नाही हे तारखेवरून ठरवू नका, कातडीवरून ठरवा. खपल्या आपोआप गळून गेलेल्या हव्यात. त्यानंतर काही दिवस कातडी कांद्याच्या पातीच्या आतल्या पापुद्र्यासारखी चकाकते, ती चकाकी जायला हवी. डोळे मिटून बोट फिरवलं तर रेघ उंच लागता कामा नये. आणि हात दुमडल्यावर टॅटूच्या जागेला शेजारच्या कातडीसारख्याच सुरकुत्या पडायला हव्यात. हे चारही जमलं की मग सनस्क्रीन.

ताज्या टॅटूला ऊन लागलं तर आधी सूज, मग पाण्याचे फोड, मग जाड खपली. जाड खपली पडताना खालची शाई घेऊन पडते आणि तिथे पांढुरका ठिपका राहतो. टच-अप करता येतो, पण त्यासाठी पुन्हा सहा ते आठ आठवडे थांबावं लागतं.

सुरंगी
सुईशाई यांच्याशी सहमत. उन्हाने शाई फिकी का पडते ते मी सांगते, म्हणजे बाकीचं आपोआप कळेल.

शाई वरच्या थरात नसते. वरची कातडी साधारण महिन्याभरात झडून नवी येते. शाई तिथे असती तर टॅटू महिन्यात गेला असता. ती त्याखालच्या थरात असते आणि तिथल्या भक्षक पेशी ती गिळून धरून ठेवतात. या पेशी मरतात तेव्हा शाई मोकळी होते आणि शेजारच्या नव्या पेशी ती पुन्हा गिळतात. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवर हे दाखवून दिलं. म्हणजे टॅटू दगडावरच्या कोरीवकामासारखा स्थिर नसतो. शरीर तो सतत हातातून हातात देत असतं.

आता ऊन. त्यातल्या यूव्ही म्हणजे अतिनील किरणांचे दोन प्रकार इथे महत्त्वाचे. यूव्हीबी किरण बहुतेक वरच्या थरात अडतात, कातडी भाजते ती त्यांच्यामुळे. यूव्हीए किरण खालपर्यंत, शाईपर्यंत पोचतात आणि रंगाचे रेणू तोडतात. एसपीएफ हा आकडा मुख्यत्वे यूव्हीबीचा आहे. टॅटूसाठी ट्यूबवर 'ब्रॉड स्पेक्ट्रम' (दोन्ही किरण अडवणारं) आणि पीए, म्हणजे यूव्हीएच्या मापापुढे चार अधिक-चिन्हं आहेत का ते बघा. फक्त 'एसपीएफ ५०' वाचून घेतलेली ट्यूब हात भाजू देणार नाही, पण केशरी रंग वाचवेलच असं नाही.

सगळे रंग सारखे टिकत नाहीत. काळी शाई कार्बनची, ती उन्हाला फारशी दाद देत नाही. लाल, केशरी आणि पिवळ्यात बहुधा 'ॲझो' गटातले रंग असतात, ते उन्हात तुटतात. त्यामुळे तुमच्या वळेसरातली आउटलाइन टिकेल आणि फुलं आधी उडतील.

खाजन
धागाकर्त्याने स्कूटरचा मार्ग दिला ते फार बरं केलं. पर्वरीहून वेर्ण्याला सकाळी जाताना तोंड दक्षिणेला, सूर्य पूर्वेला, म्हणजे ऊन डाव्या हातावर. संध्याकाळी परत येताना तोंड उत्तरेला, सूर्य पश्चिमेला, म्हणजे पुन्हा डाव्याच हातावर. तुम्ही उजवा हात निवडलात हे उत्तम झालं. आणखी एक करा: हँडल धरल्यावर हाताची वरची, केसाळ बाजू आकाशाकडे असते आणि आतली बाजू खाली. फुलं आतल्या बाजूला घ्या, बाहेरच्या बाजूला नुसत्या काळ्या रेघा आणि पानांचं काम ठेवा.

दुसरी गोष्ट वेळेची. सगळीकडे 'दहा ते चार ऊन टाळा' असं छापलेलं असतं. गोवा भारतीय प्रमाणवेळेच्या रेखांशापासून साडेआठ अंशांहून अधिक पश्चिमेला आहे. त्यामुळे इथे सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नाही, तर नोव्हेंबरच्या सुरुवातीला बारा वाजून अठराच्या सुमारास आणि फेब्रुवारीत पावणेएकच्या पुढे. एप्रिलअखेर साधारण साडेबाराला. त्याच्या अलीकडे-पलीकडे तीन तास, म्हणजे साडेनऊ ते साडेतीन, ही खरी जपायची वेळ. घड्याळ नको असेल तर सावली बघा: तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल तर यूव्ही जोरात आहे.

आणि तुम्ही निवडलेला काळ बघा. पणजीच्या अक्षांशावर सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो मेच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत, आणि पुन्हा ऑगस्टच्या दहा-अकराला. आकाश निरभ्र असेल तर मेच्या त्या दिवसांत यूव्ही निर्देशांक ११ च्या वर जातो, म्हणजे सर्वांत वरची पायरी. ताजी जखम घेऊन वर्षातल्या सर्वांत उभ्या उन्हात फिरणार आहात तुम्ही.

माड
खोबरेलाला इतकं मोडीत काढू नये. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या गोंदणावर तेलच लावलं. कोकमाचं मुठेल (बियांचं घट्ट तेल) तर भेगा भरायला त्याच्या तोडीचं काही नाही. ही महागडी मलमं काल-परवा आली.

सुरंगी
माडबाब, तेलाचा मान कमी करत नाही. भरलेल्या टॅटूवर रात्री खोबरेल लावलं तर कातडी मऊ राहते आणि रंग उठून दिसतो. मुठेलही चालेल, फक्त ते थंड असताना कडक असतं, तळहातावर विरघळवून मग लावा. पण ही दोन्ही ऊन अडवत नाहीत. तेल लावून उन्हात जाणं म्हणजे उघड्या कातडीने जाण्यासारखंच.

ताज्या टॅटूवर मात्र कुठल्याच तेलाचा जाड थर नको. आपल्याकडच्या दमट हवेत खाली घाम अडकतो, घामोळं येतं, खपली भिजून ओली राहते. मलमसुद्धा इतकंच लावायचं की कातडी जरा चमकावी, बोटाला चिकटू नये. हळदही नको, पिवळा डाग तर पडतोच, शिवाय जखमेत कण जातात.

सुईशाई
+१. रोजचं धुणं कसं ते लिहितो, कारण मे महिन्यात घामामुळे यातच सगळे चुकतात. हात आधी साबणाने धुवायचे. मग टॅटू बिनवासाच्या सौम्य साबणाने, नुसत्या तळहाताने, दिवसाला दोन-तीन वेळा. गरम पाणी नको. टॉवेलने पुसायचं नाही, स्वच्छ कागदी रुमालाने टिपायचं आणि दहा मिनिटं उघडा ठेवून वाळू द्यायचा. पूर्ण वाळल्यावरच मलम. ओल्यावर मलम लावलं तर पाणी आत कोंडतं.

काही जण पारदर्शक चिकट पट्टी लावतात, 'सेकंड स्किन' म्हणतात ती. पहिली एक दिवस, मग दुसरी तीन ते पाच दिवस. चांगली वस्तू आहे, पण तिच्याबद्दल दोन गैरसमज आहेत. एक, ती ऊन अडवते. अडवत नाही. दुसरा, ती लावली की धुण्यातून सुटका. तीही नाही. आपल्या उकाड्यात तिच्याखाली लस (जखमेतून झिरपणारं पाणी) आणि घाम साचून पिशवी होते. कडेने गळायला लागली की त्या क्षणी काढायची आणि धुवायचं. कड सुटलेली पट्टी तशीच दाबून ठेवणं सगळ्यांत वाईट, बाहेरचं पाणी आत जातं आणि तिथेच मुरतं. काढताना वर ओढायची नाही. अंघोळीच्या पाण्याखाली, कातडीला समांतर ताणत काढायची.

काणकोणची
कापडाचं कोणी नीट लिहिलं नाही, मी लिहिते.

पातळ पांढरा सुती टी-शर्ट म्हणजे संरक्षण नव्हे. त्याचा यूपीएफ (कापड किती यूव्ही अडवतं त्याचा आकडा) पाच ते सातच्या आसपास असतो, आणि घामाने भिजला की अजून कमी होतो, कारण ओला धागा पारदर्शक होतो. यूपीएफ ५० चं कापड दोन टक्के किरण आत सोडतं. साधा ओला पांढरा टी-शर्ट त्याच्या कितीतरी पट सोडतो. परीक्षा सोपी आहे: कापड उजेडासमोर धरा. विणीतून ठिपक्या-ठिपक्यांचा उजेड दिसला तर ऊनही तसंच आत येणार. घट्ट विणीचं, गडद रंगाचं घ्या.

पहिल्या दोन आठवड्यांत स्कूटरवाले घालतात ती ताणाची घट्ट बाही घालू नका. ती लसीला चिकटते आणि काढताना खपली ओरबाडते. सैल, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, मनगटाला बटण लावून. बटण लावलं नाही तर स्कूटरवर वारा भरून बाही कोपरापर्यंत चढते आणि नेमका टॅटूच उघडा पडतो. चिकटलीच बाही, तर स्वच्छ पाण्याने भिजवून सोडवा. सदरा रोज धुतलेला. टॅटू भरला की मग ती यूपीएफ ५० ची घट्ट बाही रोजच्या स्कूटरला बिनधास्त घाला. सनस्क्रीनपेक्षा स्वस्त पडते आणि घामाने वाहून जात नाही.

घुमट
काणकोणची यांचं 'स्वस्त पडते' हे हिशेबाने दाखवतो.

एसपीएफ मोजतात तो दर चौरस सेंटीमीटरला दोन मिलिग्रॅम क्रीम लावून. मनगट ते कोपर, सगळ्या बाजू धरून, प्रौढ माणसाचे साधारण ५०० चौरस सेंटीमीटर होतात. म्हणजे एका वेळेला एक ग्रॅम. तर्जनीच्या वरच्या दोन पेरांवर ट्यूबमधून रेघ काढा, तेवढं. बहुतेक जण वाटाण्याएवढं घेतात आणि पूर्ण हाताला पुरवतात. मग ५० छापलेल्या ट्यूबमधून ५० चं काम होत नाही. दर दोन तासांनी, दिवसातून तीनदा लावलं तर ५० ग्रॅमची ट्यूब जेमतेम सोळा दिवस पुरते, तीही एका अर्ध्या हाताला. पूर्ण बाहीच्या टॅटूला एका वेळचे तीन ग्रॅम, म्हणजे एकदाच लावत गेलात तरी सोळा दिवस. म्हणून प्रवासाला कापड, आणि जिथे कापड जमत नाही तिथे सनस्क्रीन.

एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के यूव्हीबी अडवतं, ५० सुमारे ९८. त्या एका टक्क्यासाठी भांडण्यापेक्षा पुरेसं लावणं महत्त्वाचं.

ट्यूब स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. मे महिन्यात डिकी भट्टी होते, क्रीमचं पाणी आणि तेल वेगळं होतं. पिळल्यावर आधी पाणी आलं तर ती ट्यूब टाकून द्या.

रांपण
दर्याचं कोणी बोललं नाही. कळंगुट-बागाला लोक सुट्टीच्या पहिल्या दिवशी टॅटू काढतात आणि दुसऱ्या दिवशी लाटांत. पाहुण्यांना सांगणारे आपणच असतो, तर हे नीट सांगा: टॅटू परतीच्या आदल्या दिवशी काढा.

वाळू अंगावरचं सुमारे १५ टक्के यूव्ही परत उडवते, लाटांचा फेस २५ टक्क्यांपर्यंत. म्हणजे छत्रीखाली बसलात तरी ऊन खालून येतं. पाण्यात अर्धा मीटर खालीही वरच्या यूव्हीपैकी ४० टक्के पोचतं, त्यामुळे 'पाण्यात आहे, ऊन लागत नाही' हा गैरसमज. ढग पातळ असतील तर बराचसा यूव्ही आरपार येतो. जूनमधल्या ढगाळ दिवशीही हात काळवंडतो तो यामुळेच.

आणि नुसतं ऊन नाही. कोमट खाऱ्या पाण्यात व्हिब्रिओ नावाचे जंतू असतात. मेक्सिकोच्या आखातात टॅटू काढून पाचच दिवसांनी पोहलेला एक माणूस त्या जंतूंमुळे दगावल्याची नोंद २०१७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली. त्याला यकृताचा आधीचा आजार होता, हे खरं. पण जखम उघडी नसती तर जंतूला वाट मिळाली नसती. चार आठवडे दर्या नाही, पोहण्याचा तलाव नाही, नदी नाही.

पोदेर
मग टॅटू काढायचा तरी कधी? सगळे एप्रिलला नको म्हणताहेत. माझ्या मते पावसाळा उत्तम. जूनपासून ऊन कमी, लोक तसेही पूर्ण बाह्या आणि रेनकोट घालतात.

काणकोणची
पावसाळ्याला माझा विरोध. रेनकोटच्या आत बाही दिवसभर ओली, कपडे दोन दिवस वाळत नाहीत, ओल्या वासाची बाही जखमेवर. शिवाय २४ जूनला सांजांवचा सण, विहिरीत उड्या. आषाढात माशेलचा चिखलकालो. शेतात लावणीला उतरणाऱ्यांचा तर प्रश्नच नाही. ज्याचा हात पाण्या-चिखलात जाणार त्याने पावसात टॅटू काढू नये.

पोदेर
कार्यालयात बसून काम करणाऱ्याला हे लागू नाही. पण विहीर आणि चिखल हा मुद्दा मान्य, सांजांव माझ्या लक्षात आला नव्हता.

सुरंगी
पावसाळ्यावरून एक महत्त्वाचं. लेप्टोस्पायरोसिस (दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप) होऊ नये म्हणून शेतात उतरणाऱ्यांना डॉक्टर डॉक्सिसायक्लिन देतात. त्या गोळीने कातडी उन्हाला हळवी होते. थोड्या उन्हातही भाजते. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेणाऱ्यांचंही तसंच. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना टॅटूचं सांगा आणि टॅटू पुढे ढकला.

माझी पसंती नोव्हेंबरअखेर ते जानेवारी. हवा कोरडी, घाम कमी, खपली सुकी राहते. यूव्ही तेव्हाही आहेच, डिसेंबरात भरदुपारी ७ च्या आसपास, आणि जागतिक आरोग्य संघटना ३ पासूनच काळजी घ्यायला सांगते. पण एप्रिलपेक्षा पुष्कळ बरं.

आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीचा एक वेगळा धोका आहे. जखम झालेली जागा उन्हात काळी पडते आणि तो डाग महिनोन्‌महिने जात नाही. मग शाई जागेवर असते, पण काळवंडलेल्या कातडीखाली केशरी रंग तपकिरी दिसतो. लोक म्हणतात आर्टिस्टने रंग चुकीचा भरला. रंग बरोबर असतो, वरची काच धुरकटलेली असते.

माड
अवांतर विचारतो. आज्यांच्या हातावरचं गोंदण हिरवट-निळं का होतं? ते तर काजळीचंच असायचं.

सुईशाई
छान प्रश्न. शाई काळीच असते. ती कातडीच्या खाली असल्यामुळे वरून येणाऱ्या प्रकाशातला निळा भाग जास्त विखुरतो आणि आपल्याला काळं निळसर दिसतं. हातावरची शीर निळी दिसते त्यातही याचा वाटा आहे. रेघ पसरते ती वयाने: शाई पेशींतून पेशींत जाताना कडेने थोडी थोडी सरकते. म्हणून अगदी जवळजवळच्या बारीक रेघा कधी काढू नयेत, वीस वर्षांनी त्या एक होतात. वळेसरातल्या दोन फुलांमध्ये दोन-तीन मिलिमीटर मोकळी कातडी ठेवायला सांगा.

तुमच्या हिरव्या पानांबद्दलही एक. युरोपीय संघाने जानेवारी २०२२ पासून टॅटूच्या शाईतल्या हजारो रसायनांवर बंधनं घातली, आणि जानेवारी २०२३ पासून 'निळा १५:३' आणि 'हिरवा ७' अशा क्रमांकांच्या दोन रंगद्रव्यांवरही. आर्टिस्टला बाटली दाखवायला सांगा, त्यावर रंगद्रव्यांची यादी, बॅच आणि मुदत छापलेली हवी. लेबल खरवडलेली किंवा दुसऱ्या बाटलीत ओतलेली शाई घेऊ नका.

रांपण
किनाऱ्यावर 'काळी मेंदी' म्हणून तात्पुरते टॅटू काढतात, त्याचंही सांगून ठेवतो. खरी मेंदी काळी नसते. तासाभरात काळीकुट्ट चढली तर तिच्यात बहुधा केसांच्या कलपातला पीपीडी असतो. त्याने फोड येतात, आणि एकदा ॲलर्जी झाली की पुढे कलपही चालत नाही. लहान मुलांना तर नकोच.

मांडवीकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. एप्रिल रद्द, डिसेंबर ठरला. फुलं आतल्या बाजूला घेतोय. सनस्क्रीन झिंकचं घेऊ की दुसरं? आणि लिंबूसोड्याच्या गाड्यावर काम करणाऱ्या मित्राच्या हातावर टॅटू आहे, त्याच्या कातडीवर काळे ओघळ पडलेत. ते शाईमुळे का?

सुरंगी
शाईमुळे नाही, लिंबामुळे. लिंबाचा रस कातडीवर राहिला आणि ऊन लागलं की रसातली काही द्रव्यं त्या उन्हात कातडी भाजतात. ओघळ जिथून गेला तिथे काळी रेघ. पिळून झाल्यावर मनगटापासून कोपरापर्यंत साबणाने धुवायला सांगा, नुसत्या पाण्याने नाही. पडलेले डाग काही आठवडे ते काही महिन्यांत फिके होतात, फक्त तोवर ती जागा झाकायला हवी.

सनस्क्रीन: नुकत्या भरलेल्या टॅटूला पहिले दोन-तीन महिने झिंक ऑक्साइडचं, बिनवासाचं. ते कातडीला कमी त्रास देतं. सावळ्या हातावर पांढरट दिसतं, त्यात टॅटू फिका वाटतो, पण धुतलं की जातं. आधी तळहाताएवढ्या दुसऱ्या जागेवर एक दिवस लावून बघा. पुढे कुठलंही ब्रॉड स्पेक्ट्रम चालेल. बाहेर पडण्याआधी पंधरा-वीस मिनिटं लावा. डासांचं क्रीम लावणार असाल तर सनस्क्रीन आधी, ते नंतर.

उन्हात टॅटू उचलून आला, खाजला, तर गार पाणी आणि सावली. काही पिवळ्या-लाल शायांत कॅडमियम असायचं, त्या उन्हात सुजतात. दोन दिवसांत उतरला नाही तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा.

घुमट
झिंकऐवजी दुसरं घेतलंत तर एक व्यावहारिक अडचण आधीच सांगतो. ॲव्होबेन्झोन (यूव्हीए अडवणारं रसायन) असलेलं सनस्क्रीन पांढऱ्या बाहीला लागलं आणि बाही लोह असलेल्या विहिरीच्या पाण्यात धुतली, की गंजासारखा केशरी डाग पडतो. ब्लीच टाकलं की तो अजून गडद होतो. लिंबू आणि मीठ लावून सावलीत ठेवा, मग धुवा, उतरतो. लिंबू लावताना हातमोजा घाला, वर सुरंगीताईंनी लिहिलंय ते लक्षात ठेवून.